वाणाची शिफारस होते, धोरणाची उकल कोण करणार?

पावसाळा सुरू झाला की गावोगावी कृषिदूत आणि कृषिकन्या मुक्कामाला येतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची ही मुले ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘रावे’साठी आलेली असतात. सुरुवातीलाच ग्रामपंचायतीपुढच्या अंगणात ती रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. निळा ओढा, हिरवे शिवार, पिवळ्या वस्त्या, मधोमध देऊळ, शाळा आणि पाण्याची टाकी. एखादे आजोबा काठी टेकत येतात, ओढा इथून नाही, पलीकडून वळतो असे सांगतात आणि रेघ पुसून पुन्हा काढायला लावतात. पुढे बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, मातीचा नमुना कसा घ्यावा याची प्रात्यक्षिके होतात. मुले मनापासून सांगतात आणि लोक मनापासून ऐकतात.

मग कोणीतरी विचारतो, “माझे सोयाबीन पाण्यात गेले. विमा भरला होता. आमच्या मंडळाला काही नाही आणि ओढ्यापलीकडच्या मंडळाला मिळाले. हे कसे?” तिथे प्रात्यक्षिक अडखळते. कृषी अर्थशास्त्राचे पेपर ही मुले देतात, पिकविम्याची व्याख्या त्यांना पाठ असते. पण या मंडळात, या हंगामात, या नियमाने असे का घडले आणि नियम वेगळा असता तर काय झाले असते, याची तयार उकल त्यांच्या हाती कोणी दिलेली नसते.

या लेखाचा विषय ती उकल आहे. शेती आणि ग्रामीण प्रश्नांवरील धोरणाचे शिक्षण लोकांपर्यंत नेण्यासाठी आपल्या विद्यापीठांनी एकत्र येणे म्हणजे काय, आजवर काय झाले आणि कुठे अडले, याचा हा आढावा.

माहिती, प्रचार आणि शिक्षण

शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. योजनेचा अर्ज कुठे करायचा, सातबाऱ्यासोबत कोणते कागद जोडायचे, हे सांगणे म्हणजे माहिती. एखादा निर्णय चांगलाच आहे किंवा वाईटच आहे, हे पटवणे म्हणजे प्रचार. दोन्हींची आपल्याकडे वाण नाही. धोरणाचे शिक्षण या दोन्हींहून वेगळे. हा प्रश्न नेमका कोणाचा, त्यावर कोणकोणते उपाय शक्य आहेत, प्रत्येक उपायाचा लाभ कोणाच्या पदरात आणि भार कोणाच्या खांद्यावर, हे सगळे पुराव्यासह लोकांपुढे मांडायचे. निवड त्यांची.

हे काम एकट्या विद्याशाखेला पेलत नाही. विम्याच्या एका प्रश्नात पीकशास्त्र आहे, हवामान आहे, संख्याशास्त्र आहे, करारकायदा आहे आणि गावातले सत्तासंबंधही आहेत. म्हणून विद्यापीठांच्या समन्वयाशिवाय धोरणशिक्षण उभे राहत नाही.

वारसा: रसायनशास्त्रज्ञाची गावमोजणी

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले, तेव्हा शेतकऱ्याच्या कंगालीचा शोध त्यांनी शेतसारा, सरकारी नोकरशाही, पाणी, जनावरे आणि विद्येचा अभाव अशा एकमेकांत गुंतलेल्या कारणांत घेतला. शेतीकडे सार्वजनिक धोरण म्हणून पाहणारे ते मराठीतले पायाभूत लेखन. राहुरीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते नाव ही एक जबाबदारीही आहे.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माती तपासता तपासता त्यांच्या लक्षात आले की जमिनीचा कस पाहून शेतकऱ्याची अवस्था कळत नाही. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर निवडले आणि सहकाऱ्यांसह घरोघरी जाऊन धारणा, कर्ज आणि मिळकत यांची नोंद केली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. जमिनीच्या तुकडेबंदीच्या चर्चेला अशा मोजणीतून पुरावा मिळाला. ज्या पिंपळे सौदागरमध्ये आज इमारतींची रांग आहे, तिथे भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राचा एक पहिला धडा गिरवला गेला.

१९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांनी अभ्यास केला आणि त्याची जबाबदारीही घेतली. विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकरी सभासदांसोबत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि ऊस पिकवणारा शेतकरी एका टेबलाशी बसले आणि त्यातून सहकाराचे धोरण घडले.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांना ग्रामीण प्रश्नांशी बांधण्याचे प्रयत्न झाले. राधाकृष्णन आयोगाने १९४९मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. तिच्यातून पुढे ज्या ग्रामीण संस्था निघाल्या, त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी आणि विदर्भातील अमरावती यांचा समावेश होता. १९५४पासून केंद्राच्या कृषी मंत्रालयाने विद्यापीठांत व संस्थांत कृषी-आर्थिक संशोधन केंद्रे सुरू केली. त्यांतले एक गोखले संस्थेत आले. मात्र या केंद्रांचे अहवाल मंत्रालयासाठी, आणि इंग्रजीत. ज्याच्या शेताची पाहणी झाली, त्याच्यापर्यंत निष्कर्ष परतले नाहीत.

ती पोकळी चळवळीने भरली. चाकणच्या कांदा आंदोलनातून उभ्या राहिलेल्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आंबेठाणला शिबिरे घेतली. उत्पादन खर्च कसा काढायचा, भाव कसे ठरतात, निर्यातबंदीने काय होते, हे साध्या मराठीत शिकवले. हजारो शेतकऱ्यांनी अर्थशास्त्राची पहिली बाराखडी तिथे गिरवली. चळवळीला बाजू घ्यावी लागते, तो तिचा धर्मच आहे. सगळे पर्याय समोर ठेवण्याचे काम विद्यापीठाचे होते आणि त्या काळात विद्यापीठ तिथे पुरेसे नव्हते.

एका शेताचे अनेक खातेदार

विद्यापीठ तिथे पुरेसे का नव्हते, याचे उत्तर रचनेत सापडते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती आणि त्यासोबत कृषी शिक्षण व संशोधन राज्यसूचीत आहे. सर्वसाधारण शिक्षण १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. म्हणून कृषी विद्यापीठे कृषी विभागाकडे पाहतात आणि दिल्लीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे. पारंपरिक विद्यापीठे उच्च शिक्षण विभागाकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे पाहतात. पशुवैद्यक व मत्स्य विज्ञानासाठी नागपूरला २००० साली वेगळे विद्यापीठ झाले, त्याचा कायदा वेगळा. सरपंच आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी ‘यशदा’ आणखी वेगळी. शेतकऱ्याच्या घरात गाय, विहीर, कर्ज आणि पीक एकाच छपराखाली असतात. त्यांचे ज्ञान मात्र अनेक छपरांखाली विखुरलेले आहे.

समन्वयाची यंत्रणा आपल्याकडे आहे, ही जमेची बाजू. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली आणि परभणी (दोन्ही १९७२) या चार कृषी विद्यापीठांना १९८३च्या कायद्याने एका सूत्रात आणले आणि पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद उभी राहिली. दर वर्षी चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत, ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’त, एकत्र बसतात. नवे वाण, अवजारे आणि शिफारशी तिथे मांडल्या जातात. आकडे तपासले जातात, हरकती घेतल्या जातात, काही प्रस्ताव परत पाठवले जातात. मान्य झालेली शिफारस विद्यापीठांच्या कृषिदर्शनी, कृषी संवादिनी अशा दैनंदिनींतून शेतकऱ्याच्या कट्ट्यावर पोचते. बियाणे किती, अंतर किती, पहिले पाणी कधी, सगळे त्यात असते.

एका वाणावर चार विद्यापीठांचे शास्त्रज्ञ तावूनसुलाखून एकमत करू शकतात, तर धोरणाच्या एका प्रश्नावर पर्यायांची एक तपासलेली मांडणी का करू शकत नाहीत? बैठकीत सामाजिक शास्त्रांचा गट असतो, कृषी अर्थशास्त्राचे संशोधनही मांडले जाते. पण पारंपरिक विद्यापीठांचे अर्थतज्ज्ञ, कायद्याचे अभ्यासक, जलतज्ज्ञ आणि पशुवैद्यक त्या टेबलाशी नसतात, आणि त्या संशोधनातून लोकांच्या हाती पडेल अशी धोरणाची मांडणी तयार होत नाही.

राहुरीचा आकडा आणि मंडळाचा उंबरठा

दोन उदाहरणे जवळून पाहू. पहिले हमीभावाचे. केंद्राच्या पीक उत्पादन खर्च योजनेत राज्योराज्यीच्या विद्यापीठांकडून शेतकऱ्यांच्या खर्चाची नोंद करून घेतली जाते आणि महाराष्ट्राचे काम राहुरीकडे आहे. नेमलेले कर्मचारी निवडलेल्या गावांत राहून कोणत्या दिवशी किती मजूर, किती खत, किती बैलजोड्या हे टिपतात. त्यातून तीन आकडे निघतात. ‘ए-२’ म्हणजे खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च. ‘ए-२ अधिक एफएल’मध्ये घरच्या माणसांच्या मेहनतीचे मोल मिळवले जाते. ‘सी-२’मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही येते. केंद्राने हमीभावासाठी खर्चाच्या दीडपटीचे सूत्र दुसऱ्या आकड्याला लावले आणि चळवळीची मागणी तिसऱ्या आकड्याची आहे. देशभर गाजणाऱ्या वादाचा कच्चा माल आपल्या विद्यापीठाच्या वहीत भरला जातो. तरी बहुतेक शेतकऱ्यांना या तीन आकड्यांतला फरक कोणी पाटीवर लिहून दाखवलेला नाही.

दुसरे उदाहरण विम्याचे, रांगोळीपाशी निघालेल्या प्रश्नाचे. पंतप्रधान पीक विमा योजनेत आपल्या राज्यात प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हा घटक धरतात. गेल्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. येतो तो उंबरठा उत्पादनाचा आकडा. समजा, एखाद्या मंडळाची सोयाबीनची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आहे. ७० टक्के जोखीमस्तराने उंबरठा १०.५ क्विंटल झाला. पीक कापणी प्रयोगात मंडळाचे उत्पादन ८.४ क्विंटल भरले, तर तूट २.१ क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५० हजार असेल तर भरपाई हेक्टरी १० हजार. मंडळाचे उत्पादन ११ क्विंटल भरले, तर या हिशोबात भरपाई शून्य. मग एखाद्याच्या शेतात शेंगही उरलेली नसो.

हे दहा मिनिटांत समजते. समजल्यावर माणसाचे प्रश्न बदलतात. मंडळाऐवजी गाव हा घटक धरला तर? मग कापणी प्रयोगांची संख्या वाढवावी लागेल, ते करणार कोण? जोखीमस्तर ८० टक्के केला तर हप्ता किती वाढेल आणि तो कोण भरेल? राज्याने २०२३च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला आणि २०२५मध्ये तो बंद करून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू केला. दोन्ही निर्णयांचे लाभ-तोटे शांतपणे मांडलेली एक पुस्तिका त्या वेळी गावात असती, तर ग्रामसभेतली चर्चा किती सकस झाली असती!

कांद्याची गोष्ट अशीच. नाशिक भागातल्या संशोधनातून ‘एन-२-४-१’, ‘बसवंत ७८०’ असे वाण आले. राजगुरुनगरला कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. चाळीत कांदा किती टिकतो, हवा कशी खेळवावी, याचे ज्ञान उत्तम आहे. पण ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४मध्ये बंदी उठूनही शुल्क कायम, सप्टेंबरात ते २० टक्के आणि १ एप्रिल २०२५पासून शून्य, या चढउतारात चाळीतल्या कांद्याचे काय करावे, याला वाणाच्या पुस्तकात उत्तर नाही. शहरातल्या ग्राहकाची गरजही खरी आणि लासलगावच्या शेतकऱ्याचे नुकसानही खरे. बफर साठा, आगाऊ जाहीर केलेली शुल्काची पायरी, थेट ग्राहकाला सवलत असे पर्याय दोघांपुढे एकत्र ठेवणारी जागा आपल्याकडे नाही.

अमेरिकेतला धडा, त्यातली ठेच

या बाबतीत एक जुना संघटित प्रयत्न अमेरिकेचा. १८६२च्या मॉरिल कायद्याने जमीन-अनुदानित विद्यापीठे आली आणि १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्य. आपली कृषी विद्यापीठे याच धर्तीवर बेतली आहेत. १९३३मध्ये ‘फार्म फाउंडेशन’ ही स्वतंत्र निधीवर चालणारी संस्था उभी राहिली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिने वेगवेगळ्या राज्यांच्या विद्यापीठांतील विस्तार-अर्थतज्ज्ञांची धोरणशिक्षणावर वार्षिक परिषद भरवली. तिथल्या मांडण्या दर वर्षी पुस्तकरूपाने निघत. त्या परंपरेत ‘पर्याय आणि परिणाम’ ही पद्धत रुजली. शिक्षकाने प्रश्न मांडायचा, पर्याय सांगायचे, प्रत्येकाचे परिणाम दाखवायचे आणि स्वतःचे मत लोकांवर लादायचे नाही. पुढे प्रादेशिक ग्रामविकास केंद्रेही झाली. अनेक राज्यांच्या विद्यापीठांना जोडणारे असे एक केंद्र मिसिसिपी राज्य विद्यापीठात आहे.

यामागे एक ठेच आहे. १९४३मध्ये, युद्धकाळात, आयोवा स्टेट कॉलेजच्या ऑस्वाल्ड ब्राउनली या तरुण अर्थतज्ज्ञाने एक पुस्तिका लिहिली. तिच्यात मार्गारिन पोषणात लोण्याच्या तोडीचे आहे आणि त्यावरचे निर्बंध उठवावेत, असे म्हटले होते. दुग्ध व्यवसायाच्या संघटना खवळल्या. दबावाखाली पुस्तिका मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी सुधारून निघाली. विभागप्रमुख थिओडोर शुल्ट्झ राजीनामा देऊन शिकागोला गेले. पुढे १९७९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या राज्यात दूध हेच राजकारण, तिथे दुधाविषयीचे सत्य सांगायला एकटे कॉलेज अपुरे पडले. आपल्याकडे दूध, ऊस आणि कांदा यांभोवतीचे हितसंबंध पाहता ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. अनेक विद्यापीठांनी मिळून सही केलेला मजकूर दडपणे अवघड असते. समन्वयाचा हा सर्वांत मोठा लाभ आहे आणि त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

इथले अंकुर

आपल्याकडे अंकुर आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूरचे केंद्र ग्रामीण विकास शिकवते आहे. २०१६मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपल्या जिल्ह्यातील पाणी, रस्ते, वाहतूक अशा प्रश्नांचा अभ्यास करून प्रशासनापुढे मांडायची वाट दाखवली. त्यामागे मुंबई आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र होते. ‘पोकरा’ या राज्याच्या हवामान-अनुकूल कृषी प्रकल्पातल्या गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाची पद्धतही याच आयआयटीने घडवली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, जमिनीत किती मुरला, पिकांना किती लागणार, हे गावाने स्वतः मांडले की उसाखाली किती क्षेत्र असावे हा वाद आकड्यांवर येतो. धोरणशिक्षणाचे हे देखणे उदाहरण. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक मराठीत गंभीर आर्थिक लेखन छापते. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि महाराष्ट्रातही ती जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. सभागृह, शास्त्रज्ञ, शेतकऱ्यांचा विश्वास, सगळे तिथे तयार आहे.

उणीव धाग्याची आहे. प्रयत्न व्यक्तींवर अवलंबून राहतात. एक प्राध्यापक निवृत्त होतो, एक अधिकारी बदलून जातो आणि काम थांबते. शिक्षकाच्या बढतीत इंग्रजी शोधनिबंधाला गुण मिळतात. गावासाठी मराठीत लिहिलेल्या पुस्तिकेला तेवढे मोल मिळत नाही.

करता येण्याजोगे

नवे विद्यापीठ किंवा नवी इमारत नको. आहे त्यातून चार-पाच गोष्टी पुढच्या हंगामापासून सुरू करता येतील.

एक, कृषी शिक्षण व संशोधन परिषदेने जॉइंट अ‍ॅग्रेस्कोला जोडून धोरणाचे सत्र भरवावे आणि त्यात पारंपरिक विद्यापीठे, विधी विद्यापीठे, पशुविज्ञान विद्यापीठ, गोखले संस्था व यशदा यांना मानाने बोलवावे. वर्षाला एकच प्रश्न घ्यावा. विमा, कांदा, भूजल, दूध, बिबट्या आणि रानडुकरांमुळे होणारे नुकसान, विषयांना तोटा नाही.

दोन, त्या प्रश्नावर सोळा पानांची मराठी पुस्तिका काढावी. तीन-चार पर्याय, प्रत्येकाचा लाभ-भार, आकड्यांचा उगम आणि सर्व संस्थांची नावे तीत असावीत. खरिपाचा विषय असेल तर ती मे महिन्यात हाती पडावी. निर्णय झाल्यावर आलेला अभ्यास शेतकऱ्याच्या कामाचा राहत नाही.

तीन, ‘रावे’च्या आठवड्यांतला एक आठवडा या पुस्तिकेसाठी राखावा. कृषीच्या मुलांसोबत कायदा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राची दोन-दोन मुले गावात राहावीत. श्रेयांक बँकेची सोय आता आहे, त्यामुळे वेगळ्या विद्यापीठाचे श्रेयांक मिळवणे नियमात बसते.

चार, महिला सभेत ही चर्चा आधी व्हावी. खुरपणी, काढणी, दूध, चारा बायकांच्या हातांवर चालते, पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने कर्ज, विमा, भरपाई यांच्या चर्चेत त्या मागे राहतात. त्या बोलल्याशिवाय गावाचा प्रश्न पुरता कळत नाही.

पाच, पैसा कुठून आला ते प्रत्येक पुस्तिकेवर छापावे. एका कंपनीच्या, एका कारखान्याच्या किंवा एका खात्याच्या पैशावर ती निघू नये. बढतीत या कामाला शोधनिबंधाइतकेच मोल द्यावे. आणि अप्रिय निष्कर्ष मांडणाऱ्या शिक्षकामागे सर्व विद्यापीठांनी उभे राहावे.

यावर एक आक्षेप येतो की विद्यापीठांनी राजकारणात पडू नये. आक्षेप प्रामाणिक आहे. पण कांद्यावर शुल्क लागते, मंडळाचा उंबरठा ठरतो, धरणाचे आवर्तन सुटते किंवा सुटत नाही, तेव्हा राजकारण शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभे राहिलेलेच असते. त्या घडीला त्याच्या हाती तपासलेले आकडे आणि सगळे पर्याय देणे हे पक्षकार्य नव्हे. विद्यापीठाने अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे पत्करली आहेत, त्यांतल्या तिसऱ्याचा हा अर्थ आहे.

पुन्हा त्या रांगोळीकडे येऊ. आजोबांनी ओढ्याची रेघ दुरुस्त केली, कारण गावाचा नकाशा त्यांना वाचता येत होता. चूक त्यांना दिसली आणि ती सांगण्याचा हक्क आपल्याला आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. महसूल मंडळाची हद्द, उंबरठ्याचा आकडा, निर्यात शुल्काची पायरी याही गावावरून ओढलेल्या रेघाच आहेत. त्या अंगणात काढून दाखवल्या, तर त्यांच्यावर बोट ठेवणारी माणसे गावात आजही आहेत.